कीवनॉचा बर्फ आणि ब्रेकची लिव्हर

मिशिगनचा खालचा भाग हातमोज्यासारखा दिसतो, हे आपल्या मुलांना शाळेत पहिल्या-दुसऱ्या वर्षीच कळतं. डेट्रॉइटच्या आसपास राहणारी आपली मंडळीही या हातमोज्यात चांगली रुळलेली आहेत. त्याच्या डोक्यावरचा जो आडवा तुकडा, अप्पर पेनिन्सुला, तो मात्र बहुतेकांनी नकाशातच पाहिलेला असतो. उन्हाळ्यात फार तर मॅकिनॉचा पूल ओलांडून दोन दिवसांत परत. हिवाळ्यात तिकडे जायचं म्हटलं की पहिला प्रश्न येतो, "कशाला? इथे काय कमी बर्फ आहे का?"

कमी आहे. हे आम्ही आता खात्रीने सांगू शकतो.

अप्पर पेनिन्सुलाच्या वरच्या अंगाला, लेक सुपीरिअरमध्ये वाकडं बोट घातल्यासारखा एक भूभाग शिरला आहे. त्याचं नाव कीवनॉ. डेट्रॉइटहून होटन गाव साधारण साडेपाचशे मैल. सुमारे तीनशे मैलांनंतर मॅकिनॉचा पूल लागतो. १९५७ साली खुला झालेला हा पूल पाच मैल लांब आहे. वारा असेल तर तिथे गाड्या अगदी हळू सोडतात आणि मागे बसलेली सगळी मंडळी आपोआप गप्प होतात. पूल संपला की माणसं विरळ, झाडं दाट आणि पेट्रोल पंप दूर दूर. आम्ही दोन कुटुंबं, मोठी चार आणि मुलं तीन, फेब्रुवारीतल्या एका शुक्रवारी पहाटे निघालो ते रात्री आठला हॅनकॉकला मित्राच्या दारात पोचलो. "दारात" हे आपलं म्हणायची पद्धत म्हणून. दार दिसत नव्हतं. बर्फात खणलेली एक खिंड होती, तिच्या टोकाला दिवा होता, आणि दिव्याखाली वहिनी खिचडीचं भांडं हातात घेऊनच उभ्या होत्या.

इथे इतका बर्फ का पडतो, याचं उत्तर तळ्यात आहे. लेक सुपीरिअरचं क्षेत्रफळ सुमारे ८२,००० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या पावपटीहून थोडं जास्तच. एवढं मोठं पाणी सहसा पूर्ण गोठत नाही. वायव्येकडून येणारा कोरडा, कडाक्याचा वारा या उघड्या पाण्यावरून येताना वाफ उचलतो आणि कीवनॉच्या डोंगरकण्यावर चढताना ती खाली टाकतो. अरबी समुद्रावरून आलेले ढग सह्याद्रीला अडून महाबळेश्वरला कोसळतात, तोच हिशेब. फक्त इथे जे कोसळतं ते पांढरं असतं आणि एप्रिलपर्यंत वाहून जात नाही. साधारण वर्षी २०० इंचांच्या आसपास बर्फ पडतो. १९७८-७९ च्या हिवाळ्यात तो ३९०.४ इंच पडला, म्हणजे साडेबत्तीस फूट. मोहॉक गावाच्या पुढे यूएस ४१ या रस्त्याच्या कडेला थर्मामीटरच्या आकाराची एक उंच पाटी उभी आहे. तिच्यावर हा आकडा अगदी वर लिहिलेला आहे. खाली उभं राहून वर पाहिलं की तिथवर बर्फ ही कल्पनाच मनात बसत नाही.

इथल्या लोकांनी मात्र या बर्फाशी संसार मांडलेला आहे. घराच्या दारापासून रस्त्यापर्यंत छप्पर घातलेल्या वाटा दिसतात. छपरावरचा बर्फ ओढून काढायला पत्र्याचं मोठं सूप असतं. चौकात दोन्ही बाजूंना बर्फाच्या भिंती, म्हणून काही लोक गाडीच्या अँटेनाला केशरी झेंडी लावतात, म्हणजे समोरच्याला गाडी नाही तरी झेंडी दिसावी. आणि जवळजवळ प्रत्येक घरासमोर, आपल्याकडे स्कूटर असावी तशी, स्नोमोबाइल.

ज्यांनी ती पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो. पुढे दोन स्की, त्यांना वळवायला मोटरसायकलसारखं हँडल, आणि खाली रबराचा रुंद, दातेरी पट्टा. इंजिन पट्टा फिरवतं, पट्टा बर्फ मागे ढकलतो, गाडी पुढे जाते. शेजारच्या विस्कॉन्सिनमधल्या सेनर गावच्या कार्ल एलियासनने १९२४ साली टोबोगन घसरगाडीला इंजिन बसवून हा प्रयोग केला. पुढे क्विबेकच्या जोसेफ-आर्मान बोम्बार्डिएने १९५९ साली हलकी 'स्की-डू' बाजारात आणली, आणि मग हे वाहन उत्तरेकडे सगळीकडे पसरलं. कीवनॉत तर खाणींसाठी बांधलेल्या रेल्वेचे रूळ उखडल्यावर उरलेल्या सपाट वाटा आयत्याच स्नोमोबाइलला मिळाल्या.

खाणी तांब्याच्या. जमिनीत जवळजवळ शुद्ध धातूच्या रूपात तांबं सापडणारा हा मुलूख. इथले मूळ रहिवासी हजारो वर्षांपासून ते काढत होते. १८४० च्या दशकात कंपन्या आल्या आणि त्यांच्या मागोमाग कॉर्नवॉलचे, फिनलंडचे, इटलीचे, क्रोएशियाचे मजूर आले. हॅनकॉकच्या डोक्यावरच्या टेकडीवर क्विन्सी खाणीचं उंच शाफ्टघर अजून उभं आहे. तिथून तिरकी जाणारी वाट जमिनीत नऊ हजार फुटांहून अधिक खोल गेली होती. १९६८ च्या संपानंतर कॅल्युमेटच्या मोठ्या कंपनीने खाणी बंद केल्या आणि माणसं पोटामागे निघून गेली. जी उरली ती अशी उरली की बर्फानेही हलली नाहीत.

त्यातलेच एक आमच्या मित्राचे शेजारी. वय पंचाहत्तरच्या पुढे, फिनिश वंशाचे, आयुष्यभर बर्फ ढकलणाऱ्या ट्रकांच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक. मित्राची मुलं त्यांना 'फिनिश आजोबा' म्हणतात, आणि एका दिवसात आमचीही म्हणायला लागली. ते फारसं बोलत नाहीत. हसतात तेही हिशेबाने.

आता मुख्य गोष्टीकडे वळतो.

मित्राने शरद ऋतूत एक जुनी स्नोमोबाइल विकत घेतली होती. शनिवारी दुपारी ती आणि भाड्याच्या दोन अशा तीन गाड्या घेऊन मोहॉकच्या पाटीपर्यंत जायचं, असा बेत होता. आमची मोठी मुलगी सोळा वर्षांची. मिशिगनमध्ये १२ ते १६ वयाच्या मुलांना एकट्याने स्नोमोबाइल चालवायची तर सुरक्षेचा अभ्यासक्रम पुरा करून प्रमाणपत्र घ्यावं लागतं. तिने ते घेतलं होतं, आणि गाडीचा ठरलेला भाग आपणच चालवणार हे तिने आम्हाला किमान वीसदा सांगितलं होतं. प्रमाणपत्राच्या अभ्यासात निघण्यापूर्वीची तपासणी शिकवतात. शनिवारी सकाळी गॅरेजमध्ये तिने ती यादीप्रमाणे सुरू केली. दिवे, थ्रॉटल, इंजिन बंद करायचं बटण. मग ब्रेक. हँडलच्या डाव्या बाजूची लिव्हर तिने दाबली.

"बाबा, ही आधी टाइट लागते, आणि मग हळूहळू आत जाते."

आम्ही दाबून पाहिली. अगदी तसंच. झटकन दाबली तर ब्रेक लागल्यासारखा वाटे, पण तसाच जोर धरून ठेवला की दहा-बारा सेकंदांत लिव्हर हँडलच्या मुठीला टेकायची. मित्र म्हणाला, विकणाऱ्याने सांगितलं होतं की दोनदा पंप केलं की ब्रेक लागतो, आणि इथे पुष्कळ जण तशीच चालवतात. वहिनींनी स्वयंपाकघराच्या दारातूनच निकाल दिला, "भावजी, मुलगी बसणार आहे त्याच्यावर. पंप-बिंप काही नाही."

स्नोमोबाइलला ब्रेक एकच असतो. एक चकती, तिला दोन्ही बाजूंनी चिमटणारा एक कॅलिपर, आणि थांबतो तो पट्टा. मोटारीसारखे चार चाकांचे चार ब्रेक नाहीत, दोन वेगळ्या लाइनी नाहीत. वाट जिथे हायवे ओलांडते तिथे लाकडाचे ओंडके वाहणारे ट्रक येत असतात. तिथे "दोनदा पंप" करायला वेळ कुठला?

थोडं तंत्र सांगितल्याशिवाय पुढचं समजणार नाही. हायड्रॉलिक ब्रेकचं मूळ सतराव्या शतकातल्या पास्कलच्या नियमात आहे. बंद जागेतल्या द्रवावर दाब दिला की तो सगळीकडे सारखाच पोचतो. लिव्हरजवळ बोटाएवढी जाड एक नळी असते, ती मास्टर सिलिंडर. तिच्यात एक छोटा दट्ट्या. खाली कॅलिपरमध्ये मोठा दट्ट्या. उदाहरणादाखल धरा, लिव्हरने बोटांचा जोर पाचपट केला आणि कॅलिपरच्या दट्ट्याचा व्यास वरच्याच्या दुप्पट आहे, म्हणजे क्षेत्रफळ चौपट. मग बोटांनी पाच किलोचा जोर लावला तर खाली शंभर किलोचा मिळतो. पण हे सारं गणित एका रबरी वाटीवर उभं आहे. दट्ट्याच्या तोंडाशी बसवलेली ही वाटी, जिला आपल्याकडे गॅरेजवाले 'कप' म्हणतात, ती सिलिंडरच्या भिंतीला घट्ट लागून दाब धरते. वाटीची कड कडक झाली किंवा फाटली की तेल तिच्या बाजूने मागे सरकतं. बाहेर एक थेंब दिसत नाही, आणि लिव्हर मात्र बुडत जाते.

लाइनमध्ये हवा असेल तर लक्षण वेगळं असतं. लिव्हर स्पंजासारखी लागते आणि पंप केल्यावर कडक होते. इथे ती आधी कडक आणि मग बुडणारी. नळी, जोड, कॅलिपर सगळं कोरडं. तेव्हा दोष मास्टर सिलिंडरच्या पोटात, हे उघड होतं. तेवढ्यात फिनिश आजोबा आले, त्यांनी लिव्हर धरली, मनात दहापर्यंत मोजलं आणि एवढंच म्हणाले, "किट."

हा शब्द ऐकून आम्हाला एकदम पुण्यातलं गॅरेज आठवलं. फियाटचा ब्रेक बसला की मेकॅनिक हेच म्हणायचा, "साहेब, मास्टर सिलिंडरचं किट टाकावं लागेल." इतक्या हजार मैलांवर, फिनिश माणसाच्या तोंडून तोच शब्द.

दुकान दुपारपर्यंतच उघडं होतं. मित्र गाडीचा मॉडेल आणि सिरियल नंबर लिहून पळाला. किटमध्ये दट्ट्या, दोन्ही कप, स्प्रिंग, सर्कलिप आणि धुळीपासून बचावाचं रबरी बूट, सगळं नवीन येतं. मात्र सिलिंडरची भिंत किटमध्ये येत नाही. तीच जर खराब असेल तर अख्खं मास्टर सिलिंडर बदलावं लागतं, आणि ते मागवायला काही दिवस लागणार होते. म्हणजे सहलीचा निकाल त्या नळीच्या आतल्या भिंतीवर होता. ती पाहिल्याशिवाय कोणीच काही सांगू शकत नव्हतं.

किट येईपर्यंत आम्ही उघडायला सुरुवात केली. आधी वरच्या डबीचं झाकण आणि भोवतालचा बर्फ, मळ स्वच्छ पुसून काढला, कारण झाकण उघडल्यावर पडलेला एक बर्फाचा कण म्हणजे तेलात पाणी. रंगावर आणि सीटवर जुने टॉवेल टाकले. ब्रेक ऑइल रंग खातं, हे ज्यांच्या मोटारीच्या बॉनेटवर ते सांडलं आहे त्यांना सांगायला नको. आत ताजं तेल फिकट मधासारखं दिसायला हवं. निघालं ते कोऱ्या चहासारखं.

या तेलाचा स्वभावच तसा आहे. डॉट ३ किंवा डॉट ४ हे ग्लायकॉलवर आधारलेलं तेल हवेतली वाफ शोषून घेतं. कोऱ्या डॉट ४ चा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असायला हवा. त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरलं की ही हमी १५५ अंशांवर येते. लांब उतारावर ब्रेक तापला की असं तेल उकळतं, बुडबुडे होतात, बुडबुडे दाबले जातात आणि लिव्हर मुठीला लागते. बाहेर उणे बारा अंश असले तरी चकतीपाशी भट्टीच असते. शिवाय तेच पाणी सिलिंडरच्या धातूला आतून खातं.

तेल काढून, लिव्हर सोडवून, सिलिंडर बाकावर घेतलं. रबरी बूट काढलं तर आत ओल होती. म्हणजे दट्ट्याच्या मागचा कपही गळायला लागला होता. मग सर्कलिप. हा स्प्रिंगसारखा ताणलेला तारेचा कडा काढायला खास टोकदार पक्कड लागते आणि डोळ्यांवर चष्मा लागतोच, कारण आतली स्प्रिंग सगळा ऐवज बाहेर फेकायला टपलेली असते. दट्ट्या बाहेर आला. पुढच्या कपची कड नखाने दाबली तर रबर दबेना, जुन्या चपलेच्या टाचेसारखं झालेलं. एका जागी बारीक चीरही होती.

आता भिंत. आजोबांनी टॉर्च आत मारला आणि आम्ही सगळे आळीपाळीने डोळा लावून पाहू लागलो. मधोमध एक तपकिरी डाग होता. डाग की खड्डा? डाग असेल तर पुसला जाईल. खड्डा असेल तर नवा कप तिथून तेल सोडेल आणि काही दिवसांत फाटेलही. मुलीने काही विचारलं नाही, पण तिने हेल्मेट बाकावर ठेवून दिलेलं आम्हाला दिसलं.

आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेलं, धागे न सुटणारं फडकं आतून फिरवलं. इथे रॉकेल किंवा पेट्रोल चुकूनही वापरायचं नाही. त्याने ब्रेकचं रबर फुगतं आणि चांगलं किट वाया जातं. पॉलिश पेपरही नाही. दोनदा, तीनदा पुसलं. डाग फिका झाला, मग गेला. आजोबांनी लाकडाची बारीक काडी घेऊन तिचं टोक त्या जागेवरून मागे-पुढे फिरवलं, कुठे अडकतं का ते पाहायला. मग काडी मुलीच्या हातात दिली. तिने फिरवली. पुन्हा फिरवली.

"नथिंग," ती म्हणाली. आणि मग आमच्याकडे वळून, "काही लागत नाही, बाबा."

आजोबांनी मान हलवली. भिंत शाबूत होती.

एक काम राहिलं होतं. डबीतून सिलिंडरमध्ये तेल उतरायला दोन भोकं असतात. एक मोठं, आणि एक सुईच्या नेढ्याएवढं. लहान भोक महत्त्वाचं. लिव्हर सोडली की कप या भोकाच्या मागे येऊन थांबतो, आणि गरम होऊन फुगलेलं तेल त्यातून डबीत परत जातं. हे भोक मळाने बुजलं तर तेलाला परतायला वाट नाही. मग ब्रेक सुटतच नाही, चकती घासत राहते, आणखी तापते, आणि शेवटी चाललेली गाडी आपोआप आवळली जाते. भोक साफ करायला ड्रिल वापरलं तर ते मोठं होतं, काठाला बुरे येतात, आणि कप त्यांच्यावरून जाताना कापला जातो. आजोबांनी विजेच्या वायरचा तुकडा सोलला, त्यातली एक केसासारखी तार काढली आणि ती अलगद भोकातून घातली. तांबं मऊ, सिलिंडरला ओरखडा येणार नाही. तारेबरोबर काळपट गाळाचा एक कण बाहेर आला. तांब्याच्या मुलखात तांब्याचीच तार! नळीच्या जोडावर दोन्ही बाजूंना बसवल्या त्या नव्या वॉशरही तांब्याच्याच.

मित्र किट घेऊन आला तेव्हा वहिनींचे पोहे तयार होते. ते खाऊन, हात धुऊन पुढचं काम सुरू केलं. नवे भाग ताज्या ब्रेक ऑइलमध्ये बुडवून घेतले. ग्रीस नाही, दुसरं कुठलं तेल नाही. पुढच्या कपची कड दाबाच्या बाजूला, म्हणजे आतल्या स्प्रिंगकडे. उलटा बसला तर सगळी मेहनत फुकट. कड दुमडू नये म्हणून दट्ट्या हलका फिरवत फिरवत आत सारला, दाबून धरला, आणि सर्कलिप खाचेत बसल्याचा 'टक्' आवाज ऐकला. बोल्ट किती आवळायचा हे मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं. अंदाजाने नाही, टॉर्क पान्याने आवळला.

मग हवा काढणं. डबीवर जे तेल लिहिलं आहे तेच घालायचं, आणि सीलबंद बाटलीतलं. डॉट ५ हे नाव पुढचं दिसलं तरी ते सिलिकॉनचं, वेगळ्या जातीचं तेल, यात मिसळायचं नाही. आधी वर लिव्हर अगदी थोडी थोडी हलवून डबीत बुडबुडे येऊ दिले. मग खाली कॅलिपरच्या निपलला पारदर्शक नळी लावून तिचं टोक तेल घातलेल्या बाटलीत बुडवलं. वर लिव्हरवर मुलगी, खाली पाना घेऊन आम्ही, आणि डबीतलं तेल कमी होऊ न देण्याचं काम मित्राच्या धाकट्याकडे.

"धर!"

"धरलं!"

निपल उघडायचा, तेल आणि बुडबुडे बाहेर, निपल बंद.

"सोड!"

"सोडलं!"

क्रम चुकवून चालत नाही. निपल बंद होण्याआधी लिव्हर सुटली की बाहेरची हवा आत. वीस-पंचवीस वेळा धर-सोड झाली. मध्येच धाकट्याचा ओरडा, "काका, तेल संपतंय!" आणि पुन्हा धर, पुन्हा सोड. मधूनमधून नळीला पान्याच्या मुठीने हलकं टिचकवलं, कारण बुडबुडे वाकणात दडून बसतात. शेवटी नळीतून नुसतं मधासारखं तेल यायला लागलं.

आजोबा बाजूच्या स्टुलावर बसून हे ऐकत होते. त्यांनी विचारलं, ही मुलं कुठल्या भाषेत ओरडताहेत? आम्ही सांगितलं. ते जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, त्यांच्या लहानपणी याच गल्लीतल्या गॅरेजांमध्ये सगळं फिनिशमध्ये चालायचं. 'धर' आणि 'सोड' फिनिशमध्ये. त्यांना अजून येते भाषा, पण बोलायला आता कोणी उरलं नाही. नातवंडांना 'साउना' आणि 'सिसू' हे दोनच शब्द माहीत. सिसू म्हणजे चिवटपणा, आपण जिद्द म्हणतो त्याच्या जवळचं. हॅनकॉकच्या रस्त्यांच्या पाट्यांवर इंग्रजीखाली फिनिश नावं आहेत. इथे फिनिश लोकांनी १८९६ साली स्वतःचं कॉलेज काढलं होतं. पुढे त्याचं विद्यापीठ झालं आणि २०२३ साली ते बंद पडलं. पाट्या राहिल्या.

आपली मंडळं, मराठी शाळा, गणपती, दिवाळी अंक हे सगळं आम्हाला त्या क्षणी वेगळ्या उजेडात दिसलं. भाषा नाटकात आणि भाषणात टिकते तशी ती हाताला ब्रेक ऑइल लागलेलं असतानाही टिकायला हवी. कामाचे शब्द मुलांच्या तोंडी असले तर ती राहते. नाहीतर पाट्या राहतात.

तपासणी तीन. एक, लिव्हर पूर्ण जोराने एक मिनिट धरून ठेवायची. घड्याळ लावून धरली, जागची हलली नाही. दोन, गाडीचा मागचा भाग स्टँडवर उचलून, इंजिन बंद ठेवून पट्टा हाताने फिरवायचा. लिव्हर दाबली की अडला पाहिजे, सोडली की लगेच मोकळा. तसाच झाला, म्हणजे ते नेढ्याएवढं भोक काम करत होतं. तीन, अंगणात मुंगीच्या वेगाने चालवून थांबवणं, मग थोड्या जास्त वेगाने. ते आजोबांनी स्वतः केलं. परत येऊन किल्ली मुलीच्या हातात ठेवली. जुनं तेल बाटलीत भरून बाजूला ठेवलं, ते घातक कचऱ्याच्या केंद्रावर द्यायचं असतं. बर्फात ओतायचं नसतं, कारण बर्फ वितळून शेवटी तळ्यालाच मिळतो.

दुपारऐवजी रविवारी सकाळी निघालो. हॅनकॉकहून आधी उलट दिशेला, होटनकडे, केवळ पुलाखातर. या दोन गावांमधला उचलता पूल १९५९ सालचा. त्याचा मधला दुमजली भाग सरळ वर उचलला जातो. खालचा मजला रेल्वेसाठी होता. रेल्वे गेली आणि आता हिवाळ्यात त्या मजल्यावरून स्नोमोबाइल जातात. डोक्यावर मोटारी, खाली आपण, आणि त्याखाली गोठलेलं पाणी. इंजिनिअर माणसाला याहून मोठी करमणूक नाही.

तिथून परत फिरून जुन्या रेल्वेच्या वाटेने उत्तरेला. समोरून ताफा आला की पुढचा स्वार बोटांनी खूण करतो, माझ्या मागे अजून किती गाड्या आहेत. तीन बोटं म्हणजे तीन. मुलांना हा प्रकार फारच आवडला. कॅल्युमेटला थांबून पेस्टी खाल्ली. कॉर्नवॉलच्या खाणकामगारांनी आणलेला हा पदार्थ म्हणजे तळहाताहून मोठी भाजलेली करंजी, आत मांस, बटाटा आणि रुटाबागा नावाचा कंद. शाकाहारीही मिळते. याच गावात १९१३ सालच्या २४ डिसेंबरला संपकरी कामगारांच्या मुलांसाठी ख्रिसमसचा कार्यक्रम चालला असताना कोणीतरी खोटीच आगीची आरोळी ठोकली आणि जिन्यात चेंगरून ७३ जण गेले, त्यात बहुतेक मुलं. त्या इमारतीची फक्त दाराची कमान आता उभी आहे. तिथे मंडळी काही बोलली नाहीत.

पुढे एका ठिकाणी वाट उतरत उतरत हायवेला मिळते. थांबायची पाटी बर्फाच्या भिंतीआड अर्धी बुडालेली. मुलगी पुढे होती. तिच्या गाडीचा मागचा लाल दिवा लागला, पट्टा थांबला, आणि गाडी पाटीच्या अलीकडे शांत उभी राहिली. पाच-सहा सेकंदांनी समोरून बर्फ उडवत नांगराचा ट्रक गेला. तिने डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं आणि रस्ता ओलांडला. विशेष काहीच घडलं नाही. त्यासाठीच तर शनिवार खर्ची घातला होता.

ज्यांना जायचं असेल त्यांच्यासाठी थोडं. मिशिगनमध्ये स्नोमोबाइलच्या वाटा १ डिसेंबर ते ३१ मार्च खुल्या असतात, ट्रेल परमिटचा स्टिकर लागतो. फेब्रुवारीत होटनच्या मिशिगन टेक विद्यापीठाचा विंटर कार्निव्हल असतो. १९२२ पासूनची ही परंपरा आहे, आणि विद्यार्थी बर्फाची देवळं-राजवाडे म्हणावेत असे पुतळे उभे करतात. त्या आठवड्यात राहायची जागा खूप आधी ठरवा. गाडी भाड्याची असो की मित्राची, बसण्याआधी डावी लिव्हर दाबा आणि मनात दहापर्यंत मोजा. बुडली तर "पंप केलं की लागतो" हे ऐकून घेऊ नका. आणि हे लिहिलं आहे ते समज यावी म्हणून. प्रत्यक्ष काम करताना त्या गाडीचं मॅन्युअल आणि जाणता माणूस जवळ असू द्या.

संध्याकाळी आजोबांच्या साउनात बसायचं आमंत्रण आलं तर मात्र नाही म्हणू नका. त्यानंतर वहिनींची खिचडी आणि साजूक तूप. बाहेर बर्फ पडतच असतो.